मैलारानं धरलेली गाडी

"आवो, गाडी हाय ती, म्हैस न्हाई! कामून वढायलाव एवढं?"

माझं त्याच्याशी पहिलं बोलणं हे असं. प्रेमात पडायच्या आधी माणसानं काहीतरी नाजूक बोलावं म्हणतात, पण मी काय करणार? तो एक पाय गाडीच्या बंपरला लावून, दोन्ही हातांनी चार्जिंगची गन ओढत होता. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, कपाळावर घाम, आणि वरून बारीक पाऊस. गाडी अजून चार्ज होतच होती. मशीनवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि हा पठ्ठ्या ओढतोय आपला...

हुमनाबाद सोडून कलबुर्गीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक मोठी कढई आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं नाव गुरुशांतप्पा, पण रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांना सुसलावाले अप्पा म्हणतात. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरची घालून परतलेला त्यांचा सुसला खायला लोक गाड्या थांबवतात. त्या हॉटेलाच्या कडेला एका कंपनीनं विजेच्या गाड्यांचं चार्जिंग मशीन बसवलं, आणि ते बघायचं काम माझ्याकडे आलं. बी.कॉम. झालेली, नोकरी न लागलेली, लग्न न ठरलेली मुलगी घरात असली की असली कामं आपोआप तिच्याकडे येतात.

"निघंना की हे!" तो म्हणाला. "कलबुर्गीच्या विमानतळावर साहेब येऊन उभा हाय. फोनवर फोन करायलाय."

"मशीन चालू हाय अजून. आदी तिला थांब म्हना."

तो गनवरचा हात काढून मशीनपाशी गेला, वाकला, आणि अगदी मनापासून म्हणाला, "थांब गं बाई."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"तोंडानं न्हाई वो... त्या बटनानं."

त्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. मग मी त्याला सांगितलं, की आता किल्लीनं गाडीचं लॉक उघडा, आतून टक असा आवाज येईल, तो आला की मगच गनवरचं बटण दाबून ती सरळ मागं घ्यायची. वाकडी करायची नाही, वायर धरून ओढायची नाही, हात ओले असतील तर आधी पुसायचे. त्यानं शर्टाला हात पुसले. टक आवाज झाला. गन इतक्या सहज निघाली की तो दोन पावलं मागं गेला आणि माझ्या पायावर उभा राहिला.

"आई गं..."

"माफ करा, माफ करा! लागलं का?"

"न्हाई. लई सुख वाटायलंय."

तो हसला. उजव्या गालावर खळी पडली, एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूची देव विसरला असावा, असा विचार माझ्या मनात आला आणि मी लगेच दुसरीकडे बघितलं. पण तोवर उशीर झाला होता...

त्याचं नाव रविकुमार. बीदरजवळच्या जनवाड्याचा. गाडी त्याची स्वतःची होती आणि बीदरलगतच्या कोळारमधल्या एका कारखान्याला लावलेली. कारखान्याच्या साहेबांना कलबुर्गीच्या विमानतळावर सोडायचं, नाहीतर आणायचं, हे त्याचं काम. त्यामुळे आठवड्यातून एकदा-दोनदा तो आमच्याकडे थांबायचाच. खरं म्हणजे बीदरहून गाडी पूर्ण भरून निघालं तर कलबुर्गी गाठून परत यायला काही अडचण नव्हती. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. पण या विषयावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

गाडी भरायला पाऊण तास लागायचा. आमचं जे काही झालं ते या पाऊण-पाऊण तासात झालं.

तो येताना कमलापूरची लाल केळी आणायचा. अप्पांना दोन, अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, दोन, आणि माझ्यासाठीचा फणा वेगळा, गाडीच्या मागच्या सीटवर झाकून ठेवलेला. चार्जिंग संपलं की गन मात्र कधी स्वतः काढायचा नाही.

"तुमीच काढा. माझ्या हाताला भेव वाटतंय."

"एवढ्यांदा शिकवलं की."

"शिकवनारी बरी असंल तर शिकायला येळ लागतोय..."

एकदा पाऊस भुरभुरत होता, म्हणून गाडीची डिकी उघडून आम्ही तिच्या झाकणाखाली उभे राहिलो होतो. डिकीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं एक छोटं झाकण असतं. ते उघडून मी त्याला आतली बारीक दोरी दाखवली.

"कदी गन अडकून बसली, लॉक उघडंना झालं, तर ही वढायची. हळूच. आदी मशीन बंद करून. पन जबरदस्ती करायची न्हाई, हातोडा न्हाई, पाना न्हाई."

त्यानं दोरीला बोट लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यात बी आसली एकादी दोरी हाय का? म्हंजे... हितून सोडवून न्यायला?"

"हाय की. अप्पाच्या हातात हाय."

"मग अवघड हाय."

"अवघड हाय," मी म्हणाले. आमचं घर लिंगायत, त्याचं धनगराचं. दोघांनाही यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती. पाऊस थांबला तरी आम्ही डिकीच्या झाकणाखालीच उभे होतो, आणि त्याच्या कोपराला माझं कोपर लागलेलं होतं. कुणीच काढून घेतलं नाही.

'तुमी'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. मंगलबद्दल त्यानं कधी सांगितलं, ते मात्र चांगलंच आठवतं. त्या दिवशी त्यानं केळी आणली नव्हती.

"नेत्रा, एक सांगायचंय. मामाची पोरगी हाय. मंगल."

"मग?"

"ती पाळन्यात व्हती तवा आईनं भंडारा उचलला. ही माझी सून म्हनून."

मैलार म्हणजे इकडचा खंडोबा, आणि त्याची हळद म्हणजे भंडारा. त्यांच्याकडे भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो. कागदावर लिहिलेलं फाडता येतं, पण भंडारा उचलला की संपलं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे नाही, मशीनच्या दिव्याकडे बघत होता.

"तुला ती करायची हाय का?"

"न्हाई! तिला मी कडेवर घेऊन फिरवलंय, नेत्रा. मला तू... मला दुसरं कायच नको."

"मग आईला सांग."

"सांगतो."

त्यानंतर प्रत्येक खेपेला माझा एकच प्रश्न असायचा, सांगितलंस? आणि त्याचं एकच उत्तर, पुढच्या खेपेला. आईला बरं नव्हतं. मामा आलेला होता. मेंढरं आजारी पडली होती. घरात पाहुणे होते. मी रागवायचे, अबोला धरायचे, गन काढून न देता हॉटेलात जाऊन बसायचे. मग तो दारात येऊन उभा राहायचा आणि त्या एका खळीनं हसायचा, आणि मी मूर्खासारखी उठायचे. शेवटी एकदा तो स्वतःच म्हणाला, "पुढल्या खेपेला मी आईलाच घिऊन येतो. तुला बघितल्यावर मला काय सांगायलाच लागायचं न्हाई."

मी त्या वाक्यावर किती दिवस काढले म्हणून सांगू! तो बरेच दिवस आलाच नाही. फोन केला तर "कामात हाय" म्हणून ठेवायचा. तरी मी वाट बघत राहिले. नवी साडी इस्त्री करून ठेवली. अव्वानं विचारलं, कुणाचं लग्न आहे गं? मी म्हटलं, ऊन दाखवायला काढली. दिवाळी झाली होती, तुरी फुलावर आल्या होत्या, आणि भलत्याच वेळी आभाळ भरून बारीक पाऊस लागला होता. उन्हाचा पत्ता नव्हता.

त्या पावसातच त्याची पांढरी गाडी वळणावरून आली. पुढच्या सीटवर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती.

आई! त्यानं आईला आणलं होतं.

मी पळत आत गेले. साडी नेसायला वेळ नव्हता, केसांवरून हात फिरवला, कपाळाला विभूती लावली, अप्पांना म्हटलं, चहा टाका, आलं घालून टाका, चांगले लोक आलेत. बाहेर आले तेव्हा रवीनं गाडीला गन लावली होती, मशीन चालू झालं होतं. त्याची आई, पद्माबाई, उतरून उभी होती. बारीक, उंच, कपाळभर पिवळाधमक भंडारा. मी वाकून नमस्कार केला.

"मोठी हो माय," ती म्हणाली. आवाज गोड होता. "तूच काय गं ती मशीनवाली? रवी सांगतोय, लई हुशार पोरगी हाय म्हनून."

मी रवीकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

मग मागचं दार उघडलं. आधी जाडजूड मिशांचा एक माणूस उतरला आणि त्याच्या मागून एक मुलगी. हिरव्या बांगड्या, नवं पातळ, नाकात चमकी. हातात लाल केळं. माझ्यासाठी यायची त्यातलंच असेल.

"ह्यो माझा भाऊ, काशाप्पा," पद्माबाई म्हणाली. "आनि ही मंगल. बस्ता बांधायला निघालोय कलबुर्गीला. हळद-लगीन जवळ आलं की आता."

बस्ता. लग्नाचे कपडे. मी "व्हय का?" म्हटलं. अप्पा आतून चहाचे कप घेऊन आले, त्यांनी सगळ्यांना बाकडं पुसून दिलं, आणि मी खांबाला टेकून उभी राहिले. रवी माझ्या समोरून दोनदा गेला, दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता.

मंगल मात्र माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"अक्का, तुमाला ह्या मशीनचं भेव वाटत न्हाई?"

"न्हाई."

"मला लई वाटतंय. हे म्हनत्यात, सवय होईल. पुढं मला बी गाडी शिकवनार हायत." हे म्हणताना ती रवीकडे बघून हसली, आणि तिच्या हातातलं केळं अर्धंच राहिलं. मला तिचा राग यायला हवा होता. आलाच नाही. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, सकाळपासून उपाशी असावी, एका केळ्यावर उपास सोडत होती.

गाडी भरत आली तसा काशाप्पा मामा उठला. "चला, उशीर होयलाय," म्हणत त्यानं मशीनचं बटण दाबलं, रवीनं किल्ली दाबली, आणि गन... निघेना. टक आवाजच आला नाही. रवीनं पुन्हा किल्ली दाबली. आत नुसती घरघर झाली आणि थांबली.

मी पुढे होऊन वाकून पाहिलं. गनच्या तोंडाभोवती, गाडीच्या चार्जिंगच्या झाकणाच्या आत, सगळीकडे पिवळा चिखल होता.

"हे काय?"

"भंडारा हाय," पद्माबाई म्हणाली. "शुभकामाला निघालोय, गाडीची पूजा करावी म्हनलं. चाकाला लावला, पुढं लावला, आनि तिच्या तोंडात बी घातला. तिथंच तर ती जेवती की."

मूठभर हळद त्या भोकात, वर पावसाचं पाणी. रवी गन लावताना बघतसुद्धा नव्हता कुठे काय लावतोय ते. आत लॉकची खिळी त्या लगद्यात बसली होती, एवढंच. मला हे दिसत होतं. पण मी तोंड उघडायच्या आत मामानं गन दोन्ही हातांनी धरली होती.

"वढू नका! मोडंल!"

मामानं ओढली. गाडी हलली, गन हलली नाही. त्यानं डिकीतून पाना आणायला सांगितलं. तेवढ्यात पद्माबाईचा हात वर झाला.

"थांब, काशाप्पा. हात लावू नको."

तिचा चेहरा बदलला होता. ती त्या पिवळ्या चिखलाकडे बघत होती.

"मैलारानं गाडी धरली."

"अक्का, काय बोलायलीस?" मामा म्हणाला.

"ज्या भंडाऱ्यावर शब्द दिला, त्याच भंडाऱ्यानं गाडी धरली रे. बस्त्याच्या वाटंवर. पुढं जाऊ नको म्हनायलाय देव. त्याला हे लगीन नको असंल..."

अप्पा कप हातात धरून उभे होते. मामा हळूच बाकड्यावर बसला.

"असं बोलू नको, अक्का," तो म्हणाला. एवढा मोठा मिशीवाला माणूस, पण आवाज फाटला होता. "देवानं वाटंतनं परत धाडलेली म्हनतील माझ्या पोरीला. कोन करून घील तिला मग? कोन दारात उभी करील?"

पद्माबाई मंगलच्या पायांकडे बघत होती. कुणीतरी आपल्या पायांकडे असं बघतंय हे मंगलला कळलं, आणि तिनं पाय साडीत ओढून घेतले.

माझा हात कुणीतरी धरला. रवी होता. त्यानं मला मशीनच्या मागं ओढलं. कितीतरी दिवसांनी तो माझ्या इतक्या जवळ आला होता.

"दोरीचं बोलू नको," तो कुजबुजला.

"काय?"

"डिकीतल्या दोरीचं. मी बी बोलत न्हाई. बघ की नेत्रा... आपोआप होयलंय सगळं! आईच म्हनायलीय, लगीन नको. भंडाऱ्यानं बांधलं, भंडाऱ्यानंच सोडलं. दोन-चार महिने जाऊ दे, मग मी तुझं नाव काढतो..."

त्याचे डोळे चमकत होते. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. एकदम, पोटातून झाला. मी गप्प बसले की झालं. काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि हा माणूस, ही खळी, हे सगळं माझं होणार होतं. मी त्याचा हात घट्ट धरला. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं की गन निघत नाही.

"अक्का..."

मंगल होती. आमचे हात तिनं पाहिले की नाही कोण जाणे. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं.

"अक्का, म्या काय केलं वो? म्या तर भंडाऱ्याला हात बी लावला न्हाई. आत्यानंच घातला. तुमी रोज काढता की ही गन... एकदा बघा की. न्हाईतर बा मरंल माझा."

रवीनं माझा हात सोडला. तो मंगलकडे न बघता मशीनवर बोट फिरवत राहिला, जसं काही तिथं वाचायला फार होतं. कडेवर घेऊन फिरवलेली पोर त्याच्यासमोर रडत होती. ती जन्मभर अपशकुनी म्हणून घरात बसली असती, आणि त्या बदल्यात याचं आईला सांगायचं एक वाक्य वाचणार होतं. एक वाक्य!

मी मंगलला म्हटलं, "तू बस जा. मी बघते." ती गेली. मग मी त्याच्याकडे वळले.

"रवी, ती दोरी मी वढत न्हाई. कुनालाच सांगत न्हाई. पन तू आत्ता जाऊन आईला सांग. देव नको म्हनत न्हाई, मी नको म्हनतोय. मंगलची काय चूक न्हाई, मला दुसरी पोरगी आवडतीया. एवढं सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

"आई मरंल, नेत्रा."

"मरत न्हाई. रडंल."

"मामा हाय, तुझे अप्पा हायत... सगळ्यांसमोर कसं? तू समजून घे की. हे बरं होयलंय. कुनाला काय दुखवायलाच लागंना झालंय."

"मंगल?"

मी वाट बघितली. मशीनच्या पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या, तो ओठ ओले करत होता, एकदा त्यानं आईकडे बघितलंसुद्धा. मला वाटलं, आता जाईल... आता. एक पाऊल टाक रे, बाकीचं मी बघते. तो हललाच नाही.

मग मी ओढणी कमरेला खोचली आणि बाहेर आले.

"देवानं काय केलं न्हाई, आई," मी पद्माबाईला म्हणाले. "हळद वली होऊन लॉकात बसलीया. पाऊस हाय न्हवं? कुनाची बी गाडी असती तरी असंच झालं असतं. उठा मामा, पाना-बिना काय नको."

मी मशीन पूर्ण बंद केलं आणि दिवा विझलाय याची खात्री केली. कोरड्या फडक्यानं हात पुसले, पुन्हा एकदा पुसले, कारण ते ओले व्हायचे थांबत नव्हते. डिकी उघडली. प्लास्टिकचं झाकण काढून आतली दोरी बोटात धरली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण त्या दोरीसाठी मला डोळ्यांची गरज नव्हती. हळूच ओढली. टक.

मामा गनला हात लावणार होता, मी त्याला बाजूला केलं. बटण दाबून, सरळ, अजिबात वाकडी न करता मी ती बाहेर काढली. तोंडाशी पिवळा लगदा होता. तो मी मामाला दाखवला, मंगलला दाखवला, पद्माबाईला दाखवला. मग गन जागेवर अडकवली आणि गाडीच्या तोंडातली हळद कोरड्या फडक्यानं जमेल तेवढी टिपून घेतली. म्हटलं, "कलबुर्गीत गेल्यावर गॅरेजवाल्याकडून साफ करून घ्या, तवर चार्जिंग लावू नका. आनि पुढच्या खेपेला देवाची हळद गाडीला भाईरनंच लावा."

पद्माबाई आधी हसली आणि मग रडायला लागली. "म्याच येडी गं माय," म्हणत तिनं मंगलला पोटाशी धरलं, तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कपाळावर बोटं मोडली. मामानं माझ्यापुढे हात जोडले. मंगलनं माझ्या गळ्यातच हात टाकले. "अक्का, लग्नाला या वो. येनार न्हवं? मी वाट बघते." मी हो म्हणाले.

सगळे गाडीत बसले, दारं लागली, काचा वर गेल्या. रवी मात्र माझ्याजवळ थांबला. चार्जरच्या खांबाआड, गाडीकडे पाठ करून.

"नेत्रा..." तो म्हणाला. "माझं तुझ्यावर प्रेम हाय. देवाशप्पथ हाय."

इतक्या दिवसांत हे त्यानं पहिल्यांदाच सरळ शब्दांत म्हटलं. इतकं हळू, की पावसातही मला कान द्यावा लागला.

"मोठ्यानं म्हन," मी म्हणाले.

त्यानं मागं वळून गाडीकडे पाहिलं. काचेतून पद्माबाई त्याला हातानं बोलवत होती, चल, उशीर झाला. त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग तो गेला, गाडीत बसला, आणि गाडी रस्त्याला लागली. मागच्या काचेतून मंगल बराच वेळ हात हलवत होती. मीही हलवला.

आत आले तेव्हा बाकड्यावर दोन ट्रकवाले सुसला खात होते. अव्वा पोळपाटाशी होती. अप्पा कढईत मिरच्या सोडत होते.

"बरे लोक व्हते," अप्पा म्हणाले. "पोरगा तर येतोय की नेहमी. लगीन हाय का त्याचं?"

"व्हय."

"तुझं तोंड कामून असं झालंय?"

मी नेहमीसारखं "काय न्हाई" म्हणणार होते. पण माझ्या तोंडून दुसरंच आलं, आणि एवढ्या मोठ्यानं आलं की ट्रकवाल्यांचे घास थांबले.

"अप्पा, मला त्यो आवडतोय. माझं प्रेम हाय त्याच्यावर."

अव्वाच्या हातातलं लाटणं थांबलं. अप्पांनी झारा कढईच्या काठावर ठेवला, गॅस बंद केला, आणि खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं.

"कदीपासनं?"

"लई दिवस झाले. धनगर हायत ते. तुमी न्हाईच म्हनला असता."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते, हेच मला बघवेना.

"रोज सकाळी बसवण्णाचं नाव घिऊन दुकान उघडतो मी," ते म्हणाले. "जात इचारली असती व्हय गं? मला एकदा बोलली असतीस, तर मीच गेलो असतो की जनवाड्याला, त्याच्या आईपुढं हात जोडून."

तोवर मी रडले नव्हते. अप्पांनी जवळ घेतलं, आणि मग मी त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून रडले.